हलकी रायफल आणि किसनभाऊंची हाक

भाऊ, तुमच्या तेरवीच्या पंगतीत तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला. पहिल्याने वरण वाढताना, दुसऱ्याने हात धुताना, आणि तिसऱ्याने तर मी मोटरसायकलला किक मारत असताना. "मास्तर, आता डुकराईचं कोन पाह्यते जी?" तिन्ही वेळा मी "मी पाहतो" म्हणालो. पटकन म्हणालो. तुम्ही असता तर आधी पानाला चुना लावला असता, सुपारी गालात सरकवली असती, आणि मग समोरच्याचा धीर सुटायच्या बेतात म्हणाला असता, "पाहू."

तुम्हाला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. वहिनी ठीक आहेत, बैलांना वेळेवर पेंड मिळते, घरचं सगळं रीतसर चाललं आहे. मला बोलायचं आहे ते आपल्या भांडणाबद्दल. ते अर्धवट टाकून तुम्ही उठून गेलात. त्यात कोण जिंकलं हे मला परवापर्यंत कळत नव्हतं. परवा कळलं, आणि ते ज्याला सांगावं तो माणूसच आता जागेवर नाही. म्हणून हे लिहितो आहे. तुम्हाला वाचायचा कंटाळा होता हे मला माहीत आहे. "मुद्द्याचं बोल" म्हणाल. येतो मुद्द्यावर.

आपली ओळख मळणीयंत्राच्या एका झिजलेल्या पुलीने करून दिली. ब्रह्मपुरीच्या आयटीआयमध्ये मी पोरांना फिटरचं काम शिकवतो, आणि तुम्ही ती पुली पोत्यात गुंडाळून माझ्या टेबलावर आणून आदळली होती. मी व्हर्नियर लावून तिचं भोक मोजत होतो आणि तुम्ही माझ्याकडे पाहत होता. "इतकं मोजते तं बंदूक चांगली चालवशीन," असं तुम्ही म्हणालात. वडिलांच्या मागे माझ्या नावावर आलेला परवाना कपाटात पडून आहे, ही बातमी तुम्हाला आधीच कुणीतरी पोचवलेली होती. पुली हे नुसतं निमित्त होतं, हे मला दोन वर्षांनी समजलं.

मग वनखात्याच्या कागदावर आपल्या सात गावांसाठी दोन नावं लागली, तुमचं आणि माझं. कुणाच्या धानात रानडुकरं पडली की त्याने अर्ज करायचा, वनरक्षकाने नुकसान पाहायचं, परवानगीचा कागद यायचा, आणि मगच आपण धानाच्या त्या बांधीत जायचं. मारलेलं जनावर पंचनामा करून पुरायचं. त्यातला वाटा कुणी मागितला तर तुम्ही असे पाहायचात की मागणारा दुसऱ्या दिवशी रस्ता बदलून जायचा. पाच हंगाम मी तुमच्या मागेमागे शेताशेतांमधल्या धुऱ्यांवरून चाललो. मला "तू" म्हणणारी या जगात मोजकी माणसं उरली आहेत, त्यातले तुम्ही एक होता.

तुमच्या हातात कायम तीच जुनी तीनशे पंधरा बोअरची रायफल. लाकडी दस्ता तुमच्या गालाने घासून गुळगुळीत झालेला. दोन वर्षांपूर्वी तुमचा उजवा खांदा आखडला, तेव्हापासून ती उचलताना तुम्ही ओठ आवळायचात. मी पाहत नाही असं तुम्हाला वाटायचं. मी पाहत होतो, म्हणूनच या उन्हाळ्यात मी माझ्या परवान्यावर ती हलकी रायफल घेतली. बोल्टचीच, पण नळी बारीक, दस्ता काळ्या फायबरचा. काही हंगाम वापरून पाहू, तुमच्या पसंतीला उतरली तर तुमच्या नावावर चढवण्याचा अर्ज करू, असा माझा बेत होता. भेट म्हणून दिली असती तर तुम्ही घेतली नसती, म्हणून मी तिला "परीक्षा" म्हटलं. तुम्ही म्हणालात, "मंग परीक्षा मी घेईन."

आधी आपण दोन्ही रायफली राईस मिलच्या काट्यावर ठेवल्या. जुनी पट्ट्यासकट चार किलोच्या घरात, नवी पावणेतीन. मी जणू स्वतःच ती घडवली असावी अशा थाटात काट्याकडे बोट दाखवलं.

"सव्वा किलो कुठी गेलं?" तुम्ही विचारलं.

मी नळीची जाडी सांगितली, दस्ता आतून पोकळ असतो ते सांगितलं.

"म्हंजे गेलं कुठीच नाई. मारनाऱ्याच्या आंगावर आलं."

चंद्रपूरच्या नेमबाजीच्या रेंजवर तुमचं म्हणणं खरं ठरलं. पहिली गोळी सुटली आणि माझ्या खांद्यावर कुणीतरी मुसळ हाणल्यासारखं झालं. तरी कागदावर पहिल्या तीन गोळ्या चहाच्या बशीत मावतील इतक्या जवळ बसल्या. चौथी वर चढली, पाचवी आणखी वर. बारीक नळी लवकर तापते, थांबून थांबून मारलं की जागेवर येते, हे मी वहीत लिहिलं. तुम्ही नळीला बोट लावून पाहिलं आणि म्हणालात, "तीन गोळ्या झाल्या का पिसाळते हे." मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणालात, "पन डुकराले तीन कायले लागते?" तेवढ्यावर मी तुमच्याकडून तिला दहापैकी सहा गुण लिहून घेतले.

माझ्या वहीत चापाचा ताण होता, बोल्ट किती सहज सरकतो ते होतं, दुर्बिणीच्या काचेवर दव किती वेळ टिकतं तेही होतं. तुमच्या परीक्षेचे विषय वेगळेच निघाले. रिकामी रायफल गळ्यात अडकवून तुम्ही एका सकाळी सगळ्या धुऱ्यांवरून फिरून आलात, दोनदा मुद्दाम चिखलात पाय घसरू दिलात, आणि ती कुठे कुठे आपटते ते पाहिलंत. डोळे मिटून ओल्या हाताने बोल्ट उघडून पाहिलात. सेफ्टीची कळ सरकवताना होणारा 'टक' आवाज तुम्हाला आवडला नाही, "हे तं घरी बसल्या डुकराले सांगून राह्यली." शेवटी वहिनींना बोलावलंत. "बाई, येवढं उचलून पाह्य." वहिनींनी उचलली, खाली ठेवली आणि म्हणाल्या, "आमचं मुसळ यापेक्षा भारी. हे मारते तरी का?" तुम्ही इतके हसलात की खोकला लागला.

आणि मग ती गोष्ट, जिच्यावरून आपलं बिनसलं. तुमची हाक.

सात गावांत तिची थट्टा व्हायची. "किसनभाऊ डुकराले पहिले नाव इचारते, गाव इचारते, मंगच मारते," असं चावडीवर तुमच्यासमोर म्हणायचे आणि तुम्हीही मान डोलवायचात. रायफल टेकवून, निशाण धरून, बोट चापाबाहेर ठेवून तुम्ही मोकळ्या गळ्याने ओरडायचात, "कोन आहे गा?" आणि थांबायचात. बांधीत, बोडीच्या तळ्याकाठी, गवतात कुणीही असेल तर तो तिथूनच "ओ" द्यायचा. कुणी ओ दिली की त्या दिवशी गोळी सुटायची नाही. ओ आली नाही तरी तुम्ही एक पूर्ण श्वास घ्यायचात. डुक्कर हाकेला क्षणभर मान वर करतं, तेवढा क्षण तुम्हाला कधी पुरायचा, बहुतेक वेळा पुरायचा नाही. डुकरं चौखूर उधळायची आणि शेतकरी कपाळाला हात लावायचा. ही सवय कशी लागली, असं मी अनेकदा विचारलं. "इचारलं तं का जीभ झिजते?" यापलीकडे तुम्ही कधी गेला नाहीत.

तुमचं खरं भांडण रायफलीशी नव्हतंच. ती फार लवकर खांद्याला येते, ही तुमची तक्रार होती. "जड बंदूक उचलतो न मास्तर, तवा खांदा इचारते, खरंच मारतं का? हे हलकी इचारतच नाई."

मी म्हणालो, "भाऊ, विचारायचं काम खांद्याचं नाही, डोक्याचं आहे."

"डोस्कं तं आंगातली सगळ्यात हलकी वस्तू हाय."

आश्विनात शेवंताबाईंच्या बांधीत पाच डुकरं उतरली तो दिवस आठवा. जंगलाला लागून त्यांचं दीड एकर धान, घरात सासरा आणि त्या. मी हलकी रायफल केव्हाच वर घेतली होती, मोठा नर आडवा उभा होता, मागे काही नव्हतं. तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवलात आणि हाक दिलीत. कुणाचीच ओ आली नाही. डुकरं मात्र गेली, जाताना उभ्या धानातून गेली, आणि त्याच संध्याकाळी परत येऊन त्या बाजूचं उरलेलं लोळवून गेली. मी तुम्हाला नको ते बोललो. तुमच्या हाकेपायी बाईचं अर्धं धान गेलं असं म्हणालो. तुमचं वय झालं असंही म्हणालो, ते नव्हतं म्हणायला पाहिजे. तुम्ही एवढंच म्हणालात, "धान अखीन उगवते, मास्तर."

तीन दिवस आपण बोललो नाही. चौथ्या दिवशी तुम्ही आयटीआयच्या फाटकाशी उभे होता. "रायफल साफ केली का?" असं विचारलंत. मी "केली" म्हणालो. आपल्याकडे माफी अशीच मागतात आणि अशीच देतात, त्यामुळे त्यात कुणी मागितली आणि कुणी दिली ते शेवटपर्यंत ठरलं नाही. मी त्या शब्दांबद्दल सरळ तोंडाने कधी काही बोललो नाही. आज बोलतो. तुमचं वय झालं नव्हतं भाऊ. मला घाई झाली होती.

त्यानंतर मी दोनदा विचारलं, "मग काय, हिला कामावर घ्यायची का?" दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, "अखीन येक डाव पाहू." तो डाव झाला नाही. कार्तिकातल्या एका दुपारी जेवून तुम्ही अंगणात बाजेवर पडलात आणि वहिनी ताक घेऊन येईपर्यंत संपलात. मी पोचलो तेव्हा तुमच्या उशाला पानाचा डबा तसाच उघडा होता. मी तो बंद केला. रडू मला घरी गेल्यावर आलं, तेही बूट काढताना, आणि बराच वेळ थांबलं नाही.

आता मुद्दा.

तेरवीनंतर पाचव्या दिवशी शेवंताबाईंच्या बांधीसाठी नवा कागद आला. लवकर येणारं हलकं धान उरलं तेवढं कापून झालं होतं, बोडीलगतचं उशिराचं भारी धान अजून उभं होतं, आणि त्यातच डुक्कर येत होतं. मी ऊन वर यायच्या सुमारास गेलो. वनखात्याचा गार्ड रस्त्यावर गाडीपाशी थांबला. दव चांगलंच पडलेलं, पँट गुडघ्यापर्यंत भिजली. डुक्कर बांधीच्या कोपऱ्यावर आलं, आडवं उभं राहिलं. अंतर साठ मीटरच्या आत. मागे बोडीची पार, मातीचा उंच बांध. गोळी आरपार गेली तरी मातीतच रुतणार. मी सगळं मोजलं. रायफल खांद्याला कधी आली ते कळलंही नाही.

मी हाक दिली नाही.

विसरलो असं नाही. तुमची आठवण नेमकी त्याच क्षणी आली होती, आणि मी ठरवून दिली नाही. मला सगळं दिसत होतं. हाकेची गरज नव्हती. गोळी सुटली, डुक्कर जागेवर बसलं, पाय झाडले आणि निवलं. एकच गोळी. खरं सांगतो भाऊ, तेव्हा मी खूश होतो. आता तुम्ही असता तर दहापैकी नऊ गुण द्यावे लागले असते, असं मनात आलं. गावातली माणसं जमली, कुणी पाठ थोपटली. शेवंताबाईंचा सासरा माझ्या पाया पडायला निघाला, मी त्याला धरून उभा केला.

गार्ड पंचनामा लिहीत होता. "हाक देली होती न जी?" त्याने विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत लिहूनही टाकलं, 'नेहमीप्रमाणे इशारा देऊन'. पाच वर्षं तो हेच वाक्य लिहीत आला होता. मी सही केली. ती ओळ मी काल वनखात्याच्या रेंज ऑफिसात जाऊन खोडायला लावली आणि काय घडलं ते लेखी दिलं. साहेबांनी कागद ठेवून घेतला आहे, काय तो निर्णय कळवतील. पण काल गेलो तो काही माझ्या चांगुलपणाने गेलो नाही. त्याच्या आदल्या दिवशी जे झालं त्याने मला पाठवलं.

नुकसानीच्या अर्जावर शेवंताबाईंची सही राहिली होती, म्हणून परवा दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी काळा चहा ठेवला. सही केली, पेन परत दिला, आणि हवापाण्याचं बोलावं तशा बोलल्या, "त्या दिवशी मी तिथीच होती जी."

"कुठं?"

"बोडीच्या पारीखाली. बैलाले गवत कापत होती. डुक्कर आलेलं दिसलं मले. मनलं, मी उठली तं डुक्कर पळून जाईन, एवढ्या दिवसानं आलं आहे. म्हनून दडून बसली. हाक आली का ओ देईन, तं वाट पाहून राह्यली होती. तं येकदम ठो झालं. पदरावर माती आली."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. भाऊ, ज्या पारीत गोळी रुतेल म्हणून मी निर्धास्त होतो, तिच्याच खाली त्या बसल्या होत्या. तुमच्या हाकेची वाट पाहत. सात गावांना तुम्ही इतकी वर्षं हेच शिकवलं होतं, बसून राहा, मी विचारल्याशिवाय मारत नाही. एरवी बाईंनी उठून आरडाओरडा केला असता, हात हलवला असता. त्या हलल्या नाहीत, कारण त्यांचा तुमच्यावर विश्वास होता, आणि रायफल माझ्या हातात होती.

त्या रागावलेल्या नव्हत्या, हेच मला सोसेना. उलट माझीच समजूत घालत होत्या. "तुमचा आवाज ल्हान आहे जी. भाऊचा कसा, दोन बांध्या पार जाये. तुमी देली असन, मले आयकू नाई आली."

मी म्हणालो, "बाई, मी हाक दिलीच नव्हती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठल्या, चुलीतलं लाकूड मागे ओढलं, परत येऊन बसल्या. मी मनात तुमच्याशी भांडत होतो. तुम्ही जिंकलात म्हणून मोकळं व्हावं, रायफलीला नावं ठेवावीत आणि तुमची जुनी तीनशे पंधरा काढावी, असं क्षणभर वाटलं. पण ते खरं नाही. त्या दिवशी माझ्या हातात चार किलोची असती तरी मी हाक दिली नसती, कारण मी ठरवलं होतं. खांद्याने विचारलं असतं आणि मी त्यालाही गप्प केलं असतं. तेव्हा वजनाचं तुमचं म्हणणं चूक होतं भाऊ, आणि डोक्याचं माझं म्हणणंही. रायफल चांगली आहे. तुमच्या खांद्याला ती सोसली असती. तुम्हाला ती वापरताना पाहायचं होतं, ते राहून गेलं, याचं मला फार वाईट वाटतं.

"आता अखीन कागद कोनाच्या शेताचा येनार?" शेवंताबाईंनी विचारलं.

मी म्हणालो, कागद आला तरी मी जाईन की नाही ठाऊक नाही. दुसरं कुणी नेमतील.

"दुसरा कोन येते इथी? अन आला तं त्याले आमी कुठी कुठी बसतो, का मालूम?" त्या म्हणाल्या. मग पदर कमरेला खोचून उभ्या राहिल्या. "देऊन दाखवा."

"काय?"

"हाक. तुमचा आवाज वळखू आला पायजे न आमाले."

भर दुपारी, दुसऱ्याच्या अंगणात, चहाचा कप समोर ठेवून मला हाक देता येईना. पहिल्यांदा जे निघालं ते खोकल्यासारखं होतं. बाईंनी मान हलवली, "नाई आयकू येत." दुसऱ्यांदा जरा बरं निघालं. "अखीन मोठ्यानं जी, मी पारीखाली आहे असं समजा." मी उभा राहिलो, छाती भरून घेतली आणि तुम्ही ओरडायचात तसं ओरडलो, "कोन आहे गा?"

गोठ्यातून सासऱ्याची ओ आली. तणसाच्या ढिगामागून एका बाईची आली, ती तिथे काय करत होती देव जाणे. मग विहिरीकडून, मग कुंपणापलीकडच्या वांग्यांच्या वाफ्यातून, आणि सगळ्यात शेवटी मागच्या चिंचेखालून, झोपेतून उठल्यासारखी, एका म्हाताऱ्याची. पाच ओ आल्या भाऊ. अंगणात मला शेवंताबाईंशिवाय कुणीच दिसत नव्हतं.